आतून लावलेलं कुंकू

भाऊजी कम्प्यूटर घेऊन आले त्या दिवशी आईनं पुरणाचा स्वयंपाक केला होता, आणि त्यातला एक घासही मला धड गिळता आला नाही. जाड चादरीत गुंडाळलेला काळा डबा त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवरून उचलला, ओसरीत आणून ठेवला आणि हात झटकत म्हणाले, "घे बाई, तुझं धन आलं." आईनं आधी जावयाला पाय धुवायला गरम पाणी दिलं, मग पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट डब्याच्या कपाळावर टेकवलं. मला कुठला धीर. मी वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि स्क्रीनवर प्रोसेसरचं नाव उमटलं. मी सांगितलेला प्रोसेसर तो नव्हता.

नुसता प्रोसेसर इकडचा तिकडे झाला असता तर दातओठ खाऊन मी गप्प बसले असते. पण इथं त्याची जातच वेगळी होती. ज्यांना या भानगडीत रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कम्प्यूटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, आणि तो ज्या मोठ्या बोर्डावर बसतो त्या बोर्डाला त्याच्या मापाची चौकोनी खाच असते. तिला सॉकेट म्हणतात. एका मापाच्या खाचेत दुसऱ्या मापाचा प्रोसेसर मेला तरी बसत नाही. बाजारात असे प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत. आम्ही त्यांना त्यांच्या रंगावरून लाल आणि निळी म्हणतो. निळी कंपनी दर थोड्या वर्षांनी खाच बदलते, म्हणजे नवा प्रोसेसर हवा असेल तर बोर्डही नवा घ्या. लाल कंपनी एक खाच धरली की पुष्कळ वर्षं सोडत नाही. पण लालचा जुना सॉकेट आता संपत आला होता. त्यात यायचे ते प्रोसेसर येऊन गेले होते. नवा सॉकेट महाग होता, त्याला मेमरीही नव्या तऱ्हेची लागायची, पण पुढं कितीतरी वर्षं त्याच बोर्डावर नवे प्रोसेसर बसणार होते.

बाबांना हे समजावताना मला वाटलं होतं की दुपार जाईल. ते वांग्याच्या वाफ्यात बसले होते. खुरपं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "म्हणजे बोअरमंदी असा पाइप टाकाचा का पुढं मोठी मोटर घेतली तरी त्यातच बसली पाह्यजे. असंच ना?"

"असंच बाबा."

"मंग त्यात एवढं डोकं खाजवासारखं काय हाय? नवाच घे."

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबादकडच्या बोथजवळ आहे. आईबाबा भाजीपाला पिकवतात, आणि मी मंडल ऑफिससमोरच्या, म्हणजे आमच्याकडच्या तहसीलीसमोरच्या, ऑनलाइन सेंटरवर लोकांचे अर्ज भरते. लोक तेलुगूत विचारतात, मराठीत भांडतात आणि सर्व्हर बंद पडला की हिंदीत सरकारला शिव्या देतात. सर्व्हर बंद पडला की मला मात्र आनंद व्हायचा. त्या वेळात मी प्रोसेसरांचे व्हिडिओ बघायचे. कोणता किती तापतो, कोणता कुठल्या गेममध्ये अडखळतो, कोणत्या बोर्डाचं काय दुखणं आहे. दहा वांगी उलटून पाहिल्याशिवाय मी एक पिशवीत टाकत नाही, आणि हे तर माझ्या पगारातलं पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं होतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, कापूस फुटला, तेव्हा कुठं माझं नक्की झालं. लाल कंपनी, नवा सॉकेट.

आणि हे सगळं कशासाठी? ताईसाठी. लोकांना वाटायचं पोरगी गेमच्या नादाला लागली आहे. लागले होतेच, पण नाद ताईचा होता.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आम्ही शाळेत असताना आदिलाबादच्या बसस्टँडजवळचं एक इंटरनेट कॅफे बंद पडलं, आणि बाबा बाजारात टमाटे घालून परत येताना तिथला एक कम्प्यूटर घेऊन आले. मॉनिटर टमाट्याच्या रिकाम्या कॅरेटमध्ये होता आणि त्याला टमाट्याचा वास कायमचा लागला. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. एकाच कीबोर्डवर दोघी खेळायचो, ती उजव्या बाजूच्या बाणांवर आणि मी डावीकडच्या अक्षरांवर. मी हरायला लागले की ती मला कोपरानं ढोसायची, आणि ती हरायला लागली की तिला हमखास आईनं हाक मारल्याचं ऐकू यायचं. भांडण, रुसवा, समेट, सगळं त्या एका कीबोर्डवर व्हायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. तेलुगू शेजारी त्याला आयुधपूजा म्हणतात. बाबा विळे, खुरपी, फवारणीचा पंप आणि तराजू धुऊनपुसून पाटावर मांडतात, आई प्रत्येकाला हळदीकुंकू लावते आणि अक्षता टाकते. कम्प्यूटर आला त्या वर्षी आईनं त्याच्या डब्यालाही बोट टेकवलं. ताईला ते पटलं नाही.

"विळ्याची धार बाहेर असते, म्हणून त्याले बाहेरून लावाचं," ती मला म्हणाली. "याचं तं सगळं आतमंदी असते. डब्याले लावून काय फायदा?"

तिनं डब्याचं झाकण उघडलं. पाण्यानं शॉट लागेल म्हणून हळदीकुंकू खोबरेल तेलात कालवलं, आणि बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूला जो खाचाखाचांचा धातूचा ठोकळा असतो, त्याला अनामिकेनं एक ठिपका लावला. मग एक अक्षत त्या तेलकट ठिपक्यावर दाबली. ती चिकटून बसली. "आता झाली पूजा," असं म्हणून तिनं झाकण लावलं. आईनं पाहिलं असतं तर दोघींना झोडपलं असतं. तेव्हापासून दर खंडेनवमीला आम्ही आतून कुंकू लावत आलो. आख्ख्या दुनियेत हे करणारी दोनच माणसं होती. निदान तेव्हा तसं वाटायचं, आणि आजही मला तसंच वाटतं.

मग ताईचं लग्न नागपूरला झालं. भाऊजी कम्प्यूटरच्या पार्टच्या दुकानात कामाला. मला तर भाऊजी नाही, देव भेटल्यासारखं झालं होतं. त्यांच्याकडे लाल कंपनीच्याच जुन्या सॉकेटचा कम्प्यूटर होता. आतलं नेमकं नाव मी कधी विचारलं नाही. ताई त्याच्यावर खेळायची, पण माझा टमाट्याच्या वासाचा डबा आता नुसता खोकायचा. तिच्यासोबत इंटरनेटवरून शर्यत लावायची तर त्याच्यात तेवढा जीव नव्हता. खंडेनवमीला तिचा फोन आला, "मी यायच्या कम्प्यूटरले आतून लावलं बरं का. तेलानं, दाण्यासकट. हे हसून राह्यले, पण मी लावलंच."

"मी बी नवा घेतो, मंग लावीन," मी म्हणाले. "अन मंग रोज संध्याकाळी शर्यत. पाह्य तुले कशी हरवतो ते."

"ये वं. वाटच पाहून राह्यली मी," ती म्हणाली.

तेवढ्यासाठी मला नवा सॉकेट हवा होता. एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालेल, मेंदू तेवढा बदलायचा. पुढं माझंही लग्न होईल, मी कुठल्या गावी जाईन कोणास ठाऊक, पण बोर्ड सोबत नेईन आणि संध्याकाळी ताई असेलच. माझं एवढंच गणित होतं.

पार्ट ऑनलाइन मागवता आले असते. हैदराबादहूनही आणता आले असते. मी तसं नुसतं बोलून पाहिलं तर आई हातातली भाकर तव्यावर तशीच सोडून माझ्याकडे वळली. "घरचा जवाई त्याच लाइनमंदी हाय, अन तू बाहेरून आणशीन? त्यायचं तोंड पाह्यची सोय ठेवशीन का नाई?" आमच्याकडे हे असंच आहे. जावई सोनाराकडे कामाला असेल तर सोनं त्याच्याच हातून, आणि तो सिमेंटच्या दुकानात असेल तर घर त्याच्याच सिमेंटचं. आणि जावयानं आणलेली वस्तू उलटीपालटी करून बघायची नसते. साडी आखूड निघाली तरी "सुंदर आहे" म्हणून नेसायची असते. म्हणून मी पैसे भाऊजींना पाठवले, बोर्डाचा आणि प्रोसेसरचा फोटो पाठवला, आणि फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं, नवा सॉकेट, भाऊजी, नवा.

तर त्या पुरणाच्या दिवशी ओसरीतच जोडलेल्या स्क्रीनवर जुन्या सॉकेटच्या प्रोसेसरचं नाव बघून मी वळले. भाऊजी पाटावर बसले होते आणि आई त्यांना तूप वाढत होती.

"भाऊजी, हा तं जुना सॉकेट हाय."

"नव्याचा माल नाई मार्केटात," ते जेवताजेवताच म्हणाले. "सगळं पालथं घातलं तुझ्यासाठी. अन नवं लय तापते. हे पक्कं हाय, कोरं करकरीत, डोळे झाकून वापर."

"मंग याचे डबे कुठं हायेत? बोर्डाचा, प्रोसेसरचा?"

"तिथंच टाकले. गाडीत का डबेच भरून आणू?" मग मागं वळून त्यांनी कम्प्यूटरच्या झाकणावरचं स्टिकर दाखवलं. "अन हे पाह्य. सालभर उघडू नको, नाई तं वारंटी जाईन."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझ्याकडे असं पाहिलं की माझे शब्द तिथंच थिजले. बाबा ताटात बघत होते. भाऊजींनी सोबत संत्रा बर्फी आणली होती. आईनं त्यातली एक वडी माझ्या हातावर ठेवली. ती मी कुत्र्याला घातली, हे आईला अजून माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी ताईला फोन लावला आणि रडले. मी चटकन रडणारी नाही, चटकन चिडणारी आहे, त्यामुळे ताईनं आधी मला पाणी प्यायला लावलं. मग म्हणाली, "अवं, त्यायनं लय फिरून पाह्यलं. मी सोबतच होती. नव्याचा माल येऊनच नाई राह्यला. तू का वेडी हायेस, एवढ्याशासाठी रडतेस? खेळाले तं येते ना?"

मी डोळे पुसले. ताई सोबत होती म्हणजे झालंच. भाऊजींवर माझा विश्वास आता बेताचाच होता, पण ताई तिथं उभी असताना माझ्या वस्तूत काही इकडचं तिकडं होईल, ही शंका मला शिवलीसुद्धा नाही. नशिबातच नव्हता नवा सॉकेट, असं मी मनाला समजावलं आणि खेळायला बसले.

पुढचे काही महिने मजेत गेले, हे मला मान्य करावंच लागेल. दिवाबत्ती झाली की मी कानाला हेडफोन लावायचे आणि तिकडून ताईचा आवाज यायचा. कुकरच्या शिट्ट्या, भाऊजींचा टीव्ही, त्यांच्या गल्लीतल्या गाड्या, सगळं ऐकू यायचं. पण हरायचे मीच. तिची गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी जायची आणि माझी वळणावर हमखास अडखळायची. मला वाटलं, त्यांचं इंटरनेट चांगलं आहे. ताई हसायची. "काऊन वं, मागं काऊन राह्यली? तुझा कम्प्यूटर म्हातारा झाला का आताच?" मीही हसायचे. हे तिचं चिडवणं लहानपणापासूनचं होतं आणि ते परत मिळालं म्हणून मला बरं वाटायचं.

मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याला हात लावला तर कातडी निघते. त्या दिवसांत कम्प्यूटरचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला आणि शर्यत रंगात आली की मशीन आपोआप बंद पडायचं. धूळ बसली असणार, दुसरं काय. रविवारी दुपारी मी स्टिकरची आणि वॉरंटीची पर्वा सोडली, स्क्रू काढले आणि झाकण उघडलं.

धूळ होती, पण सहा महिन्यांत आमच्या घरात एवढी धूळ बसत नाही. पंख्याच्या पात्यांवर तिचा थर गाढवाच्या पाठीसारखा जमला होता. मी रंगाचा जुना ब्रश घेऊन एकेक कोपरा झाडू लागले. प्रोसेसरच्या बाजूच्या धातूच्या ठोकळ्याशी आले तेव्हा त्याच्या खाचांमध्ये मला तांबूस काहीतरी दिसलं. गंज चढला असं वाटलं. ठोकळ्याचा वरचा भाग स्वच्छ होता, कोणीतरी कापडानं पुसलेला, पण खाचांच्या तळाशी ते तसंच राहिलं होतं. मी बोट घातलं. बोट पिवळं-लाल झालं, तेलकट लागलं. नाकाशी नेलं तर खवट खोबरेलाचा वास आला.

मी ब्रश खाली ठेवला. मग टॉर्च लावून दोन खाचांच्या मध्ये बघितलं. तिथं हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा एक दाणा अडकून बसला होता.

मला काही शोधावं लागलं नाही, कोणाला विचारावं लागलं नाही. कोऱ्या करकरीत बोर्डावर खंडेनवमीची अक्षत नसते. हा त्यांच्या घरातला कम्प्यूटर होता. माझ्या पैशांतून आलेला नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी मेमरी नागपूरला भाऊजींच्या टेबलावर होती, आणि त्यांचा वापरलेला माल चादरीत गुंडाळून माझ्या ओसरीत आला होता. इतके दिवस वळणावळणावर जी गाडी मला मागं टाकून जात होती ती माझ्याच प्रोसेसरवर धावत होती. आणि ताई त्याच्यासमोर बसून मला विचारत होती, तुझा कम्प्यूटर म्हातारा झाला का. भाऊजींचा मला राग आला. ताईचं मात्र मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

दाणा दाखवायला मी आईला हाक मारली. ती चुलीपाशी होती, तशीच उठून आली. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, दाणा आत कसा आला हे विचारलंसुद्धा नाही आणि पदरानं तोंड पुसलं.

"झाकण लावून टाक," ती म्हणाली.

"आई, माझा माल त्यायनं ठेवून घेतला. याले का चोरी म्हणत नाईत?"

"हळू बोल. जवाईबापूले काही बोलाचं नसते. आपली पोरगी तिथं नांदून राह्यली."

"अन मी? मी कोणाची पोरगी हाय?"

ती चुलीकडे परत गेली. बाबा दारात उभे होते. त्यांनी पायात चप्पल घातली आणि वांग्यांना पाणी सोडायला निघून गेले, दुपारच्या त्या उन्हात, जेव्हा कोणी झाडांना पाणी देत नाही. मला त्यांचाही राग आला. घरात माझ्या बाजूनं कोणी नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

ताईला मी फोन केला नाही. फोनवर तिला सहज खोटं बोलता येतं, हे मला आता ठाऊक झालं होतं. शर्यतीसाठी तिचा फोन आला की करेंट नाही म्हणायचे, सेंटरवर काम आहे म्हणायचे. ती नागपंचमीला माहेरी येणार होती. मी वाट पाहत राहिले, आणि मनातल्या मनात तिच्याशी इतक्या वेळा भांडले की माझे सगळे शब्द वापरून झाले.

पंचमीच्या आदल्या दिवशी भाऊजी तिला दारात सोडून निघून गेले. आईनं थांबा म्हटलं तरी ते थांबले नाहीत. दुपारी जेवणं झाल्यावर ताई माझ्या खोलीत आली, खाटेवर पसरली आणि म्हणाली, "चल, आज एकाच कीबोर्डवर खेळू."

मी स्क्रू काढून ठेवलेच होते. काही न बोलता मी झाकण बाजूला केलं आणि टॉर्च त्या ठोकळ्यावर धरला. दाणा मी हलवला नव्हता. ताई उठली, वाकली आणि बघत राहिली. मी ठरवलं होतं की आधी तीच बोलेल. ती बोलली, पण माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलावं तशी.

"पुसलं तं होतं मी."

मी इतके दिवस जुळवून ठेवलेलं भांडण त्या चार शब्दांनी पार कोलमडलं. मला वाटत होतं की भाऊजींनी परस्पर केलं असेल, सोबत होते असं ताई नुसतं त्यांना सांभाळायला म्हणाली असेल, तिला उशिरा कळलं असेल, सांगायला धीर झाला नसेल. माझ्या मनात मीच तिच्यासाठी एवढ्या पळवाटा करून ठेवल्या होत्या. आणि तिनं एकही वापरली नाही.

"कुंकू तू पुसलं?" मी विचारलं.

"त्यायनं म्हटलं, डाग दिसून राह्यला, पुसून दे."

"अन तू पुसलं."

"मंग काय करू?" तिचा आवाज चढला. "यायले नवा पाह्यजे होता. म्हणे, तिले गावात काय करायचं हाय, तिले काय समजते. मी एकदा म्हटलं, तिले समजते. दुसऱ्यांदा नाई म्हटलं. मले तिथं राहाचं हाय. तू का रोज येऊन माझ्यासाठी भांडशीन?"

"मले फोनवर तरी सांगतलं असतं."

"सांगतलं असतं तं तू आग लावली असती. बाबा मधात आले असते. मंग त्या घरात मी कशी राह्यली असती?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "मले वाटलं, तुले कळणार नाई. पैसे मी थोडे थोडे करून देईन तुले."

"पैसे नको मले."

मला तिची अडचण कळत होती. मी दगड नाही. आईनं मला जसं नजरेनं गप्प बसवलं तसंच तिकडे कोणीतरी तिला रोज बसवत असेल, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. पण तिनं गप्प बसायला हरकत नव्हती. ती गप्प बसली नाही. ती हसली होती. मी तिला तेच विचारलं.

"मंग शर्यतीत चिडवलं काऊन? माझाच प्रोसेसर घेऊन माझ्याच कम्प्यूटरले म्हातारा म्हणत होतीस ना वं?"

ताईनं बाजूला ठेवलेलं झाकण उचलून मांडीवर घेतलं. कदाचित शर्यतीच्या वेळी तिला मजा येत होती, नवा कम्प्यूटर सुसाट धावत होता, आणि आपण हे कोणाकडून घेतलं ते तेवढ्या वेळापुरतं विसरता येत होतं. तसं असलंच तर ते ती मला सांगू शकणार नव्हती. एरवी अशा वेळी आईची हाक आली म्हणून ती पळाली असती. त्या दिवशी आईनं हाक मारली नाही. आई ओसरीत बसून सगळं ऐकत होती.

भरल्या घरात कुंकू पुसायचं नसतं, हे आम्हाला आईनंच शिकवलं. करंडा सांडला तरी कुंकू पदरानं टिपून घ्यायचं, फडक्यानं पुसायचं नाही. ताईला तर माझ्याआधी शिकवलं होतं. बोर्ड जुना दिला याचं दुःख मी कधीतरी विसरेन. जुन्या बोर्डावर गेम अडखळतो, पण चालतो. पण फडकं घेऊन त्या ठोकळ्यावरून हात फिरवताना तिला ती टमाट्याच्या वासाची खोली आठवली असणार. न आठवून कसं चालेल? आठवूनही तिनं पुसलं, आणि आपल्या लहान बहिणीला ही खूण दिसू नये असं मनात धरून पुसलं.

पंचमी झाली, झाडाला झोका बांधला, ताई झोक्यावर बसली आणि मी तिला झोकाही दिला. दोघी लोकांसमोर हसलोही. तिसऱ्या दिवशी भाऊजी न्यायला आले तेव्हा आईनं पुन्हा पुरण घातलं. सेंटरवर सर्व्हर चालू आहे असं कळवून मी घरी आले नाही. सर्व्हर त्या दिवशी सकाळपासून बंद होता.

यंदाच्या खंडेनवमीला बाबांनी नेहमीसारखे विळे, खुरपी, पंप आणि तराजू पाटावर मांडले. आईनं पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "तुझ्या कम्प्यूटरले तूच लाव," ती म्हणाली, आणि तिनं तेलाची वाटीही ताटात ठेवली होती. तेलाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं, म्हणजे तिला सगळं आधीपासून माहीत होतं, आतून लावायचं, तेलात कालवायचं, सगळं. इतकी वर्षं माहीत असूनही तिनं आम्हाला झोडपलं नव्हतं. हे एरवी कळलं असतं तर मी ताईला लगेच फोन करून सांगितलं असतं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो.

मी खोलीत गेले. तेलाची वाटी बाजूला ठेवली, कुंकवात पाण्याचा थेंब घातला आणि काळ्या डब्याच्या कपाळावर बोट टेकवलं. वरून अक्षता टाकल्या. त्या घसरून खाली पडल्या.

तेवढ्यात ताईचा फोन आला. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"लावलं का वं?"

"लावलं."

तिकडे आणखी एक शिट्टी झाली. मग तिनं विचारलं, "आतून?"

"हो, आतून," मी म्हणाले. झाकण बंदच होतं.